तांबड्या गाडीतले किलोमीटर

जुन्या गाडीचं मीटर मागं फिरवलं की त्यातून निघालेले किलोमीटर पोत्यात भरून ठेवावे लागतात, कारण ते उघड्यावर सांडले तर त्यांच्यावरून जनावरं भलतीकडं चालत जातात. मागच्या उन्हाळ्यात मिरजेत मगदूम शेठच्या आवारात एक पोतं उसवलं आणि शेजाऱ्याची म्हैस कागलला सापडली. तेव्हापासून शेठ पोत्यांची तोंडं दोनदा शिवतो.

त्याच्याकडं मी दादाची गाडी परत घ्यायला गेलो होतो. दादाला जाऊन महिनाही झाला नव्हता. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि ज्या दवाखान्यात तो रोज रक्ताच्या नळ्या पोचवायचा तिथंच गेला. आमच्या कवठ्याकडच्या लॅबांमधून नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या डब्यात घालून मिरजेला आणायच्या, हे त्याचं काम. पांढरी गाडी त्यासाठीच घेतलेली. तो गेल्यावर ती दारात उभी दिसली की वहिनी चहाचं आधण ठेवायची आणि मग मोरीत ओतून द्यायची. आठवडाभर असं झालं आणि तिनं गाडी विकून टाकली. मी त्या दिवशी गावात नव्हतो. कळलं तसा मोटारसायकल विकून मी मिरज गाठली.

पांढरी गाडी आवारात पुढंच उभी होती. दार उघडून मी आत बसलो आणि लगेच बाहेर आलो.

“शेठ, ही आमची न्हाई.”

“नंबर बघ की.”

“नंबर आमचा हाय. गाडी न्हाई.”

शेजारच्या सीटवर बर्फाच्या डब्यानं पडलेला खड्डा नव्हता. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर दादा एका कडेनं झिजवायचा, कारण त्याचा उजवा पाय तिरका पडायचा. ते रबर सपाट होतं. मीटरवर नव्वद हजार होते.

दादानं ही गाडी घेतली तेव्हा मी बरोबर होतो. ती नऊ वर्षांची होती आणि मीटरवर बरोबर नव्वद हजार होते. दादा म्हणाला होता, “बारक्या, वर्षाला दहा हजार धरायचे. जास्त असतील तर रस्ता कुठला ते विचारायचं. कमी असतील तर उरलेले कुठं गेले ते विचारायचं.” मग त्यानं वाकून पायपट्ट्या बघितल्या, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि गाडी घेतली.

“उरलेले कुठं गेले?” मी शेठला विचारलं.

“काढले. दोन लाख दहा हजाराची गाडी कोण घेतंय? आणि फसवाफसवी न्हाई हं. काढले म्हंजे काढले. सीट बघ, नवी झाली.”

“पहिले काढले का शेवटचे?”

“मीटर मागं फिरतंय बाबा. शेवटचेच आधी निघणार.”

एक लाख वीस हजार निघाले होते. दादाचे तेवढेच होते. गाडीत आता राहिले होते ते आधीच्या मालकाचे. म्हणजे ही गाडी दादाला कधी भेटलेलीच नव्हती.

“पोतं द्या,” मी म्हणालो. “गाडी ठेवा तुमची.”

शेठनं डोकं खाजवलं. “पोतं रिकामं हाय. तांबडीला लागले.”

तांबडी गाडी कडुनिंबाखाली होती. बारा वर्षांची, एका निवृत्त मुख्याध्यापिकेची. बाईंनी तिच्यावर कापड घालून ठेवलं होतं, त्यामुळं तिचं रनिंग अवघं सहा हजार झालेलं. इतक्या कमी रनिंगची जुनी गाडी कच्ची असते. ती फाटकाबाहेर निघेना, ट्रक दिसला की थरथरायची. म्हणून शेठनं तिच्यात दादाचे सगळे किलोमीटर ओतले होते.

“मग काढा परत.”

“एकदा ओतले की जिरतात. मीटर फुटंल, किलोमीटर निघणार न्हाईत.”

“मग मी तांबडी घेतो.”

“ती शेंडगे साहेब बघायलेत,” शेठ म्हणाला.

शेंडगे साहेब पाटबंधारे खात्यात होते आणि तासगावला राहत होते. ते ब्रेकची पायपट्टी बोटानं चाचपत होते. रबर एका कडेनं झिजलेलं मला लांबूनच दिसलं. शेजारच्या सीटला खड्डा होता.

“साहेब, ही गाडी मला पायजे,” मी म्हणालो.

“तुम्ही आधी आलात का?”

“न्हाई. पण हिच्यात माझा भाऊ हाय.”

“डिकीत?”

“मीटरमधी.”

साहेबांनी चष्मा चढवून मीटर बघितलं. “एक लाख सव्वीस हजार. यात त्यांचे किती?”

“सहा हजार सोडले तर सगळे.”

“म्हणजे एकाच माणसाचे? भेसळ नाही?”

“न्हाई.”

“हे मगदूमांनी सांगितलं नव्हतं,” साहेब खूश होऊन म्हणाले. “मी भिलवडीला एक बघितली, तिच्यात चौघांचे होते. वळणावर चौघं चार मतं देतात. बरं, तुमचे बंधू चालवायचे कसे?”

एक वाक्य पुरेसं होतं. पिऊन चालवायचा, एवढं म्हटलं असतं तर साहेबांनी तिथंच दार लावलं असतं. मी तोंड उघडलं.

“साठच्या वर कधी न्हाई,” मी म्हणालो. “नळ्या हिंदकळल्या तर रक्त खराब होतंय. खड्डा दिसला की शंभर पावलं आधीच पाय उचलायचा.”

“क्लच?”

“लोण्यागत.”

“मग मी घेतोच,” साहेब म्हणाले.

शेठनं माझ्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“एक चक्कर मारून या की साहेब,” मी म्हणालो. “मी मागं बसतो. नुसता बसतो.”

साहेबांना त्यात गैर वाटलं नाही. आम्ही निघालो. तांबडी फाटकातून अशी बाहेर पडली की वाटलं दादाच हात दाखवून वळला. मी खिडकीकडं तोंड केलं.

तासगावचा फाटा आला. साहेबांनी स्टिअरिंग डावीकडं घेतलं. गाडी सरळ गेली.

“हे काय?”

“कवठ्याचा रस्ता हाय ह्यो. रोजचा.”

साहेबांनी गाडी थांबवली, मागं घेतली, पुन्हा वळवली. गाडी वळली, दहा-बारा हात तासगावकडं गेली आणि माघारी फिरून कवठ्याच्या रस्त्याला लागली. कुठं आदळआपट नाही, आवाज नाही. पुढं भोसे फाट्यावर एका लॅबसमोर ती आपणहून उभी राहिली. तिथून थोड्या अंतरावर चहाच्या टपरीसमोर पुन्हा उभी राहिली. टपरीवाल्यानं आत न बघताच एक कट चहा खिडकीतून पुढं केला. साहेबांनी तो घेतला आणि पिऊन टाकला.

“साखर कमी आहे.”

“दादा कमीच प्यायचा.”

साहेबांनी रिकामा ग्लास टपरीवाल्याला परत दिला. “रनिंग उत्तम आहे,” ते म्हणाले. “असं रनिंग मी बघितलं नाही. पण माझं ऑफिस तासगावला आहे. मी रोज इथं येऊन चहा पिऊ शकत नाही.”

“खरं हाय.”

“पांढरी कशी आहे?”

“चांगली हाय,” मी म्हणालो. “कुणाची कोण जाणे, पण चांगली हाय. आमच्या दादानं पायपट्ट्या बघूनच घेतली होती.”

साहेबांना एवढी खात्री पुरली. आम्ही परत आलो. त्यांनी पांढरी घेतली, मी तांबडी. शेठ म्हणाला, एका दिवसात दोन गाड्या गेल्या, रनिंग माणसाला बघूनच भरायला पाहिजे.

मी कवठ्याकडं निघालो. मला फारसं चालवावं लागलं नाही. खड्डा दिसायच्या आधीच ब्रेकवरचा माझा पाय तिरका होत होता. वाटेत मी दोनदा रडलो. दोन्ही वेळा गाडीनं वेग कमी केला, मग परत साठला आली.

शिरढोणच्या लॅबसमोर ती उभी राहिली. लॅबवाला फोनवर बोलत बाहेर आला, डावीकडचं दार उघडून नळ्यांचा डबा त्यानं सीटवरच्या खड्ड्यात ठेवला. तो तिथं बरोबर बसला.

“आज लई उशीर केलास,” तो म्हणाला.

“होय,” मी म्हणालो. “जरा झाला.”

त्यानं दार लावलं. मी गाडी मिरजेकडं वळवली.