लाल बावट्याच्या आश्रयाने

समुद्र ही लांबून पाहण्याची गोष्ट आहे, अशी ग्रंथपालाची लहानपणापासूनची श्रद्धा होती, आणि तरीही त्या रविवारी सकाळी तो गाडीच्या मागच्या आसनावर बसून छातीठोकपणे सांगत होता, "तलावात काय पोहायचं, काका! पोहायचं तर समुद्रात!"

"वा!" पुढे बसलेले मास्तर म्हणाले. "याला म्हणतात पोहणारा!"

ग्रंथपालाला पोहता येत नव्हते. पाण्याशी त्याचे नाते इतके दुराव्याचे होते, की समोरचा पेला काठोकाठ भरला तरी तो खुर्ची जराशी मागे घेई. पण माणूस एकदा प्रेमात पडला, की त्याची जीभ त्याच्या मालकीची राहत नाही. हा बिचारा तर पोहण्याच्या मास्तरांच्या मुलीच्या प्रेमात पडला होता. ती वाचनालयात पुस्तके बदलायला येई. दोघांमध्ये एक लाकडी टेबल असे आणि बरीचशी शांतता असे. त्या शांततेतच सगळे ठरून गेले.

मुलगी छोट्यांच्या तलावात लहान मुलांना पोहायला शिकवी. मोठ्यांचा तलाव खुद्द मास्तरांच्या ताब्यात होता. पांढरा गणवेश, "मुख्य प्रशिक्षक" अशी अक्षरे असलेली टोपी, गळ्यात शिट्टी आणि बुडणाऱ्यापुढे करायला हातात लांब काठी, अशा थाटात ते काठावरून गर्जत. "पाय मारा! श्वास सोडा! भिता काय पाण्याला!" आजवर अर्धे गाव त्यांच्या शिट्टीवर तरंगायला शिकले होते. त्यांचा गणवेश भिजलेला कोणी कधी पाहिला नव्हता, आणि हे त्यांच्या शिस्तीचे लक्षण मानले जाई.

अशा मास्तरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, "पोहता येतं ना? ज्याला पोहता येत नाही, तो माझा जावई व्हायचा नाही. सरळ सांगतो."

ग्रंथपालाने खरे तेच सांगायचे ठरवले होते. पण नेमकी तेव्हाच ती दारात येऊन उभी राहिली.

"येतं की!" त्याचे तोंड म्हणाले.

"कुठे शिकलात?"

"नदीत."

"केवढी नदी?"

"बरीच मोठी होती."

"पूरबीर यायचा का?"

"बहुतेक वेळा पूरच असायचा."

"मग या रविवारी तलावावर. बघू तुमचे हात!"

पुढचे काही दिवस ग्रंथपाल पळवाट शोधत राहिला. शेवटी त्याच्या धंद्यानेच त्याला हात दिला. प्रवासवर्णनांच्या कपाटात एका जुन्या माहितीपुस्तकात त्याला दोन वाक्ये सापडली: "हा किनारा अत्यंत रमणीय असून निसर्गाचे रौद्र रूप येथे पाहावयास मिळते. पोहण्यास सक्त मनाई आहे." इतकी सुंदर वाक्ये त्याने आजवर कुठल्याही काव्यसंग्रहात वाचली नव्हती!

बेत साधा होता. तलाव नाकारायचा, समुद्राचा हट्ट धरायचा, तिथे जाऊन लाल बावट्याकडे पाहून हळहळायचे आणि कोरड्या अंगाने, कोरड्या कपड्यांनी जावई होऊन परत यायचे. साप मरणार होता आणि काठीला पाणीसुद्धा लागणार नव्हते.

किनारा पुस्तकात होता त्याहूनही देखणा निघाला. दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मध्ये ओली, निर्मनुष्य वाटावी अशी वाळू. दूरवर काहीतरी आठवल्यासारखी एकेक लाट उभी राही आणि काठावर येऊन ते सगळे विसरून जाई. ग्रंथपालाला उगीचच भरून आले. मग त्याची नजर वाळूत रोवलेल्या काठीकडे गेली. काठीवर लाल बावटा फडफडत होता. त्या बावट्याकडे त्याने ज्या ओढीने पाहिले, त्या ओढीने त्याने अजून मास्तरांच्या मुलीकडेही पाहिले नव्हते.

"अरेरे!" तो म्हणाला. "लाल आहे हो, काका!"

"अरेरेरे!" मास्तर म्हणाले. "काय करणार! नियम म्हणजे नियम."

मास्तरांचा उसासा आपल्या उसाशापेक्षा लांब होता, हे ग्रंथपालाच्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

"म्हणजे एवढ्या लांब येऊन दोघांनी उसासेच टाकायचे?" काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, मुलीबरोबर चादर अंथरत म्हणाल्या. "बसा मग. चहा तरी घ्या."

ग्रंथपाल चहा घेऊ लागला. जगात सारे काही यथास्थित होते. आणि कड्यावरून वाऱ्याचा असा एक झोत आला, की बावट्याची काठी कडाडकन मधोमध मोडली आणि वरचा तुकडा बावट्यासकट वाळूवरून पळत सुटला!

"अहो, बावटा गेला!" काकू ओरडल्या. "आता उतरा की! आठवडाभर घरात समुद्र-समुद्र चाललंय!"

"अं? हो... म्हणजे... आधी हे उतरतील," मास्तर म्हणाले. "पाहुण्यांचा मान पहिला."

तिकडे ट्यूब घेऊन आलेले एक भलेथोरले कुटुंब "चला, उठली मनाई!" म्हणत उभे राहिले होते. ग्रंथपालाने चहाचा पेला फेकला आणि खजिन्याची किल्ली घेऊन रजेवर निघालेल्या खजिनदारामागे सारे कार्यालय धावावे, तसा तो एकटा त्या बावट्यामागे धावला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तो बावट्यावरच. मग उठून त्याने ती मोडकी काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मनाई आहे! अजून मनाई आहे!"

किनाऱ्यावरचा जीवरक्षक धापा टाकत आला. त्याचे डोळे पाणावले होते.

"इतकी वर्षं नोकरी करतोय, साहेब. लोक बावट्याला शिव्या घालतात. बावट्यासाठी धावलेला माणूस आज पहिल्यांदा पाहिला! पोहणारे दिसता?"

"नदीत शिकलेत!" मागून मास्तर अभिमानाने म्हणाले. "पुरात!"

"देवासारखे भेटलात! जोडीदार रजेवर आहे माझा. वरच्या खोलीतून दुसरी काठी घेऊन येतो. तोवर हे घाला आणि ही शिट्टी धरा. कोणाला पाण्यात जाऊ देऊ नका."

ग्रंथपालाने तोंड उघडले, तर त्यात शिट्टी आली. अंगात नारिंगी जाकीट आले. पाठीवर ठळक अक्षरे होती: जीवरक्षक.

आणि मग त्या किनाऱ्याने आजवर पाहिला नव्हता असा पहारा सुरू झाला. शूर माणसाला धोका असतो तिथेच दिसतो. भित्र्याला तो सगळीकडे दिसतो, म्हणून पहाऱ्याला भित्र्यासारखा माणूस नाही.

"अहो, नुसते पाय बुडवतोय!" ट्यूबवाले म्हणाले.

"पाय माणसालाच जोडलेले असतात! मागे व्हा!"

"फोटो तरी काढू द्या!"

"तिकडून काढा! समुद्र मोठा आहे, लांबूनही दिसतो!"

एक खेकडा पाण्याच्या दिशेने निघाला होता. त्यालाही त्याने शिट्टी मारली. खेकडा वळला.

"शिट्टी ऐक!" मास्तर बायकोला म्हणाले. "पोटातून येते! ही शिकवून येत नाही."

"हो ना. अगदी तुमच्यासारखीच," काकू म्हणाल्या. मुलगी समुद्राकडे तोंड करून बसली होती, पण तिचे खांदे हसत होते.

इतक्यात वाऱ्याने मास्तरांची टोपी उचलली आणि नेऊन थेट ओल्या वाळूवर ठेवली.

"आणा की," काकू म्हणाल्या. "पोहण्याचे मास्तर ना तुम्ही!"

मास्तर उठले. तापल्या तव्यावरून चालावे तसे चवड्यांवर चालत ते निघाले. ग्रंथपालाने ते पाहिले आणि त्याच्या मनात दोन भीतींचे भांडण लागले: एक समुद्राची, एक सासऱ्यांची. समुद्राची जिंकली.

"फुर्र्र्र! काका, मागे फिरा!"

सारा किनारा वळून पाहू लागला.

"अहो, टोपी आहे माझी!"

"टोपी दुसरी मिळेल! काका दुसरे मिळायचे नाहीत!"

ट्यूबवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर बाणेदार उत्तर द्यायला त्याच्याकडे वळले, म्हणजेच समुद्राकडे त्यांनी पाठ केली. समुद्राने तेवढीच संधी साधली. लाट काही मोठी नव्हती. तिने फक्त पायाखालची वाळू काढून घेतली आणि मुख्य प्रशिक्षक बसकण मारून पाण्यात बसले.

"वाचवा!"

ग्रंथपालाच्या पायांना अशा वेळची एकच दिशा ठाऊक होती, आणि ती समुद्राची नव्हती. पण पाठीवर अक्षरे होती आणि पाठीमागे ती होती. त्याने डोळे मिटले आणि पाऊल टाकले. पाणी घोट्यापर्यंत आले. एवढ्या खोलीत तो आयुष्यात गेला नव्हता. त्याने बावट्याची काठी पुढे केली. मास्तरांनी ती पकडली, पण जन्मभर काठी पुढे करणाऱ्याच्या पकडीने नव्हे, तर पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याच्या पकडीने! परतणाऱ्या पाण्याने दोघांनाही ओढले आणि ग्रंथपालही धपकन खाली बसला.

आता एका टोकाला सासरे, दुसऱ्या टोकाला जावई आणि मध्ये लाल बावटा.

"काका, वाचवा मला!"

"मला कुठे येतं पोहायला!"

"मलाही नाही येत!"

क्षणभर समुद्रसुद्धा गप्प झाला.

"आधी दोघंही उभे राहा," चपला हातात घेतलेली मुलगी शेजारून म्हणाली.

दोघे उभे राहिले. पाणी घोट्याच्या खाली होते आणि तेही निघून चालले होते.

पण ती हसत नव्हती. तिची नजर दूर होती. "पळा," ती म्हणाली. दोघांच्या गळपट्ट्या धरून तिने त्यांना कोरड्या वाळूपर्यंत फरफटत आणले. मागे वळून पाहिले, तर मघा ते बसले होते त्याच जागी दोन पुरुष उंचीची एक लाट कोसळत होती. ती परत गेली तेव्हा टोपी नव्हती आणि वाळूवर कोणी बसल्याची खूणही नव्हती.

जीवरक्षक नवी काठी घेऊन आला, तेव्हा दोघे एकाच चादरीत कुडकुडत बसले होते.

"हे काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "दोघांनी एकमेकांना वाचवलं."

तो गेल्यावर ग्रंथपाल खाली मान घालून म्हणाला, "काका, नदी नव्हतीच. येतो मी. आता तुमच्या दारात उभा राहायला मला तोंड नाही."

मास्तरांनी बराच वेळ वाळूत बोट फिरवले. "काठावर उभं राहायचं काम मिळालं, म्हणून उभा राहिलो," ते अखेर म्हणाले. "कोणी आत ढकललंच नाही हो. आणि नंतर विचारणार कोणाला? मास्तर मीच!" मग दचकून ते बायकोकडे वळले. "अगं, तुला..."

"लग्न झालं त्याच आठवड्यात कळलं. आंघोळीची बादली काठोकाठ भरली, की तुम्ही मागे सरकून बसता."

"आणि हा भरलेल्या पेल्याला खुर्ची मागे घेतो," मुलगी म्हणाली. "पहिल्याच दिवशी पाहिलं मी. तेव्हाच वाटलं, माणूस घरचाच आहे!"

"पण माझी अट," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले, "ज्याला पोहता येत नाही, तो जावई..."

"अट राहू दे," ती म्हणाली. "फक्त आता ती दोघांना."

तेव्हापासून दर संध्याकाळी, मुले घरी गेली, की छोट्यांच्या तलावात दंडाला फुगे बांधलेले दोन सद्गृहस्थ उतरतात. काठावर शिट्टी घेऊन काकू उभ्या असतात. दोघांनी तलावाची रुंदी ओलांडली, की लग्नाची तारीख काढायची असे ठरले आहे. ग्रंथपाल नाकातोंडात पाणी जाईपर्यंत जीव तोडून हात मारतो आणि पलीकडचा काठ गाठतो. मास्तरांचे हात तर त्याच्याहून सफाईदार पडू लागले आहेत. पण मध्यावर आले, की ते काठाशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहतात आणि तिथेच उभे राहतात.

"चला ना, काका!" ग्रंथपाल काकुळतीने म्हणतो. "थोडंच उरलंय!"

"घाई कसली आहे?" मास्तर कंबरभर पाण्यात उभे राहून, चहूकडे नजर फिरवत म्हणतात. "आधी बावटा कुठला आहे ते बघू द्या."