पती-पत्नी एकत्रीकरण

शिक्षक एकाच शाळेत फार वर्षं राहिला, की त्याला मुलांची नावं पाठ होतात, पुढे त्यांच्या घरची माणसं ओळखू येतात आणि शेवटी तो मनापासून शिकवू लागतो. हा धोका ओळखूनच खात्याने बदल्यांची सोय केलेली आहे.

बिलकिस तांबोळी यांच्या बाबतीत मात्र खात्याचं दुर्लक्ष झालं. स्वारगेटजवळच्या सरकारी शाळेत त्या इतक्या टिकल्या, की त्यांनी शिकवलेल्या मुलींच्या मुली आता त्यांच्याच वर्गात होत्या. त्यांचे यजमान मैनुद्दीन गुरुजी शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावच्या शाळेत होते. (गाव हद्दीत आलं होतं, पाणी यायचं होतं.) रोज दोघं एकाच दारातून निघत आणि विरुद्ध दिशांना जात. अलीकडे गुरुजींना समोरच्या गाड्या धूसर दिसू लागल्या होत्या, त्यामुळे ते परत येईपर्यंत बाईंचा जीव दारात असे.

"एका शाळेत असलो, तर मी तुम्हाला स्कूटरवर मागे बसवून नेईन," बाई म्हणाल्या.

"लोक काय म्हणतील?"

"हेल्मेट घाला. तुम्ही पुण्याचे आहात असंसुद्धा कुणाला वाटणार नाही."

दोघांनी 'पती-पत्नी एकत्रीकरण' या सदराखाली अर्ज केले. एक फेटाळला तर दुसरा असावा, म्हणून बाईंनी गुरुजींची शाळा मागितली आणि गुरुजींनी बाईंची. खात्याने सहानुभूतीपूर्वक विचार करून दोन्ही अर्ज मंजूर केले.

दोघं धावत खात्यात गेले. तिथे श्रीनिवास भालेराव साहेब चहात बिस्किट बुडवत होते.

"अहो साहेब, एकत्र यायचं म्हणून मागितलं होतं," बाई म्हणाल्या.

"मागितलेली शाळा मिळाली ना? दोघांनाही?"

"मिळाली, पण..."

"लोकांचा एक अर्ज मंजूर होत नाही, बाई."

"मग एक रद्द करा."

"त्याला कारण लागतं. एकत्र राहायचं हे कारण मंजुरीतच वापरून झालंय." बिस्किट चहात पडलं. त्यालाही बाईच जबाबदार असाव्यात, अशा नजरेने साहेबांनी पाहिलं.

खात्याला जे जमलं नाही, ते गावाने केलं. गुरुजी जाणार हे कळताच हिंदुराव या वजनदार गृहस्थांनी शाळेला कुलूप ठोकलं. "गुरुजी आमचा हाय! कुटं जात न्हाई!" ते गरजले. (कुलूप होतं तोवर मुलांनीही आंदोलनाला मनापासून साथ दिली.) लोकभावनेचा आदर करून खात्याने गुरुजींची बदली थांबवली. बाईंची थांबवा असं कुणी म्हटलंच नव्हतं, त्यामुळे बाईही तिथेच आल्या. अशा रीतीने एकत्रीकरण पार पडलं.

बाई स्कूटर चालवत, गुरुजी मागे हेल्मेट घालून बसत. जेवणाच्या सुट्टीत दोघं एका डब्यातून खात. गुरुजींना भेंडी गारच आवडते, हे बाईंना इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिथे कळलं. गुरुजी पोरांसारखे खुशीत होते.

एकच अडचण होती. सगळ्या शाळेची मुलं एका सतरंजीवर मावत. बाकी गावाची मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून जात; त्यात पुढच्या सीटवर हिंदुरावांचे दोन्ही नातू असत.

एवढ्या मुलांना दोन शिक्षक ही चैन खात्याच्या नजरेत आली. शाळा बंद झाली, दोघं 'अतिरिक्त' ठरले. बाई कर्वेनगरला गेल्या, गुरुजी शहराच्या दुसऱ्या टोकाला.

निरोपाला हिंदुराव हार घेऊन आले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

"गुरुजी, फिरून कुलूप घालू का?"

"कुलूप नको. नातवांची नावं घाला आमच्या शाळेत. शाळा उघडेल."

हिंदुराव बराच वेळ हाराची दोरी सारखी करत राहिले. "तेवढं सोडून काय बी सांगा," ते म्हणाले.

हिंदुराव माणूस वाईट नाही. आपल्यालाही आता बाईंसाठी हळहळ वाटतेच आहे. आपण ही हकिकत शेवटपर्यंत मराठीत वाचलीत, याबद्दल खातं आपलं आभारी आहे. आपली मुलं ती वाचू शकतील का, हे विचारण्याची खात्यात पद्धत नाही.