थोडा तरी विषाणू हवा

औषध सहा महिन्यांचं एकदम मिळावं, एवढीच लिफ्टमिस्त्रीची मागणी होती. एचआयव्हीच्या गोळ्या तो नऊ वर्षं बिनचूक घेत होता. पण त्या दरमहा सरकारी दवाखान्यातून आणाव्या लागत, आणि दरमहा रजेला कारण लागे. सध्याच्या मालकांना तो पावणेतीन वर्षं दाढ काढायची आहे असं सांगत आला होता. रजेच्या नोंदवहीप्रमाणे त्याच्या तोंडात आता एकही दात उरला नव्हता, आणि तरी हा गडी जेवणाच्या सुट्टीत कडाकडा सफरचंद खायचा. मालकांना संशय येऊ लागला होता.

सहा महिन्यांच्या गोळ्यांचा नियम सोपा होता. रक्तातले विषाणू मोजायचे, संख्या पन्नासच्या आत हवी. रक्त दिलं, अहवाल आला: 'विषाणू आढळला नाही.' मिस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं. खिडकीवरच्या बाईंनी मात्र चष्मा वर सरकवला. संगणकाला इथे आकडा लागतो, आणि हे तर वाक्य आहे, असं त्यांनी निदर्शनास आणलं.

मग शून्य टाका की, मिस्त्री म्हणाला. बाईंनी त्याला तसं लेखी आणायला प्रयोगशाळेत धाडलं. तिथले तंत्रज्ञ तत्त्वाचे पक्के. वीसच्या खाली यंत्राला नीट मोजता येत नाही, तेव्हा आढळला नाही म्हणजे शून्यच, असं लिहून देणं शास्त्राला धरून होणार नाही, म्हणाले. बाईंनी निरोप पाठवला, एकोणीस लिहा. तंत्रज्ञांनी उलट निरोप पाठवला, मोजले कुणी? या हेलपाट्यांत रजा वाढल्या, आणि दात संपल्यामुळे मिस्त्रीला हिरड्यांकडे वळावं लागलं.

अखेर प्रकरण दवाखान्याच्या साहेबांपुढे गेलं. साहेब कनवाळू होते. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"रांगेत तुमच्या पुढे होते त्यांचे अडतीस निघाले. सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेलेसुद्धा," ते म्हणाले. "तुम्ही जरा अतीच केलंत."

"मग आता काय करू, साहेब?"

"थोडा तरी ठेवायचा हो."

आणि त्यांनी शेरा मारला: 'विषाणू सापडेपर्यंत रुग्णास दरमहा बोलवावे.'

घरी बायकोनं तो शेरा वाचला. "अहो, मालकांना खरं सांगून टाका एकदाचं," ती म्हणाली. "हिरड्या तरी किती पुरणार?"

मिस्त्रीनं सांगितलं. आजार आहे, गोळ्या चालू आहेत, रक्तात विषाणू आढळत नाही, आणि असं असलं की नवऱ्यापासून बायकोलासुद्धा तो लागत नाही, मग चहापाण्यातून तर प्रश्नच नाही. मालक गहिवरले. आमच्याकडे भेदभाव नाही, असं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आणि मग तो हात बराच वेळ धूत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीच्या चहाला वेगळा कागदी कप आला, त्याच्याच सोयीसाठी. मिस्त्रीला फार वाईट वाटलं. नऊ वर्षांत आजारानं त्याला इतकं रडवलं नव्हतं.

तुम्हाला मालकांचा राग आला असेल. यायलाच हवा, तुम्ही शिकलेसवरलेले. पण खरं सांगा, मिस्त्रीला हा आजार लागला तरी कसा, हे मी अजून का सांगत नाही म्हणून मघापासून चुळबुळ चाललीय ना तुमची?

मालकांनीही पहिल्यांदा तेच विचारलं होतं.