सोड्यात पाणी की पाण्यात सोडा

बरणीतलं फसफसून उडालं आणि ढोक सरांच्या उजव्या हातावर पडलं. "वैनी, मागं सरा," म्हणत वानखडे सरांनी मला बाजूला केलं आणि ढोक सरांचा हात नळाखाली धरला. हात लालभडक झाला होता आणि ढोक सर हसत होते.

"पाह्यलं, वानखडे? तुमच्या पोरानं लिवलं तसंच वैनीनं केलं."

ढोक सर वर्ध्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे आणि माझ्या घरी भाड्यानं राहायचे. त्यांना एकाच शब्दाचा राग होता, 'करण्यात आले'. फळ्यावर 'नळ बंद ठेवण्यात येतील' दिसलं, की हे खाली खडूनं लिहिणार, 'कोण ठेवणार?' एका लग्नाला ते गेलेच नाहीत. पत्रिकेत 'निमंत्रण देण्यात येत आहे' असं होतं. बोलावलं कोणी, तेच कळलं नाही म्हणाले.

त्यातून त्यांनी नवं खूळ काढलं. दर शनिवारी माझ्या ओसरीवर प्राध्यापकांचाच वर्ग. इतिहासाच्या पोरानं लढाई कशी लिहावी, भूगोलाच्या पोरानं नदी कशी लिहावी, हे ज्याच्या त्याच्या मास्तरानं शिकवायचं. पोरांच्या वह्या वाचून दाखवायच्या मला. मी चौथी पास. मला समजलं नाही, तर नापास मास्तर, पोरगं नाही. मला हे आवडायचं.

विज्ञानाचे मास्तर मात्र फिरकेनात. प्रिन्सिपॉल म्हणाले, दिवाळीपर्यंत त्यांच्यातला एक तरी आला नाही तर वर्ग बंद. ढोक सरांनी रसायनाच्या वानखडे सरांना गाठलं.

"मराठी शिकवणं माझं काम नाई," वानखडे म्हणाले.

"मराठी मी पाह्यतो. रसायन कसं लिवा लागते, हे मले येते काय?"

शेवटी पैज लागली. वानखड्यांच्या विद्यार्थ्याची वही घ्यायची आणि तिच्यावरून मी साबण करायचा. मला जमलं नाही, तर वानखड्यांनी शनिवारी यायचं. वहीत होतं, 'कॉस्टिक सोडा व पाणी एकत्र करण्यात आले.' मी बरणीत सोडा घातला, वरून पाणी ओतलं. पुढचं सांगितलंच आहे.

"अवो, सोड्यावर पाणी नाई टाकत," वानखडे म्हणाले. "पाण्यात सोडा टाकतात, हळूहळू."

"वहीत ते कुठं आहे?" ढोक सरांनी विचारलं.

"पोराईले मी तोंडी सांगतो."

"वैनी कुठं होत्या तुमच्या वर्गात?"

वानखड्यांनी वही पुन्हा वाचली. "फळ्यावर मीच असं लिवून देतो," म्हणाले, आणि वही घेऊन गेले.

पट्टी बांधताना मी सरांना झापलं. "एवढ्यासाठी हात भाजून घेतला. वर्ग बंद झाला असता तर काय बिघडत होतं?"

सरांची बायको लग्नानंतर तीन वर्षांत वारली होती. मूलबाळ नव्हतं.

"शनिवारी चार माणसं येतात, वैनी. भांडतात, चहा पेतात. बाकीचे दिवस माह्याशी कोण बोलते?"

"मी आहो ना."

"तुम्ही रागावता. ते येगळं."

पुढच्या शनिवारी वानखडे सर आले, तीस वह्या काखोटीला मारून. सर रिटायर झाले तरी वर्ग चालूच राहिला. मग सर गेले, नंतर वानखडे गेले. साबणाच्या दिवशी स्वैपाकघरात आम्ही तिघं होतो. त्यातली आता मीच आहे.