हेमकांतशेठकडचा ब्रंच

माणूस काय पितो यापेक्षा तो ते कशातून आणि कुणाच्या सोबतीने पितो, यावर त्याचं चारित्र्य अवलंबून असतं. मातीच्या भांड्यातून पिणारा दारुडा असतो, उंच काचेच्या ग्लासातून पिणारा रसिक असतो. हा नियम अजून राजपत्रात छापून आलेला नाही, पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात त्याची अंमलबजावणी चोख आहे.

हेमकांतशेठ हे शहरातले मिरचीचे जुने व्यापारी. त्यांच्या घरात कधी बाटली आली नव्हती (गोदामाची गोष्ट वेगळी). त्यांची सून सोनम पुण्याची. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिला सगळं मिळालं, फक्त ब्रंच मिळाला नाही. ब्रंच म्हणजे नाश्ता आणि जेवण दोन्ही चुकवून मधल्या वेळेला घेतलेलं खाणं. आमच्याकडे मजुरीला जाणारी माणसं हे रोज करतात, पण ती नाइलाजाने करतात, म्हणून त्याला ब्रंच म्हणत नाहीत.

तेव्हा एका रविवारी सकाळी फसफसणारी वाइन आणि फळांचा रस यांचं कॉकटेल करून नंदुरबारात ब्रंच सुरू करायचा, असं सोनमने ठरवलं. शेठ आधी नाही म्हणाले. मग तिने त्यांना समजावलं की वाइन द्राक्षांची असते, रस पपईचा असतो, म्हणजे हे फळात फळ मिसळणं झालं, आणि फ्रूट सॅलडला आपण कधी नाही म्हटलेलं नाही. शेठ व्यापारी आहेत. मालात माल मिसळण्याचं त्यांना तत्त्वतः वावडं नाही. "हाई दारू नई शे, हाई फराळ शे," असं त्यांनी दुसऱ्याच दिवशी मिरची बाजारात सांगायला सुरुवात केली. कुणी विचारलं नव्हतं.

बेकायदा दारू पकडण्याचं काम ज्या खात्याकडे आहे, तिथल्या साहेबांनाही आमंत्रण गेलं. परवाना काढण्यापेक्षा ते सोपं होतं.

रेवाबाई या घरात स्वयंपाकाला असते. तिचं माहेर मोलगीच्या वर, डोंगरात. तिचा भाऊ जामसिंग, त्याच्या मुलीचं लग्न सोमवारी होतं. लग्नासाठी त्याने मोहाची फुलं वेचली, वाळवली आणि घरच्या घरी त्यांची दारू गाळली. त्यांच्याकडे मोहाची धार आधी धरतीला, मग देवाला आणि मग पाहुण्यांना द्यावी लागते. त्याशिवाय सोयरीक पक्की झाली असं वडीलधारे मानत नाहीत. हा सगळा मागासलेपणा वेळीच लक्षात आल्याने शुक्रवारी खात्याची जीप आली आणि जामसिंगला त्याच्या कॅनसकट घेऊन गेली.

शनिवारी रेवाबाईने हे शेठला सांगितलं. ती रडली नाही. पपया चिरता चिरताच बोलली. साहेब उद्या इथेच येणार आहेत, तर त्यांच्या कानावर घाला, एवढीच तिची मागणी होती. "शेठ, पोरना बापच नई ऱ्हायना त्ये लगीन कसं लागी?"

शेठना वाईट वाटलं. त्यांनी शब्द दिला, आणि रस गाळून घे, मागच्या वेळी त्यात बिया राहिल्या होत्या, असंही सांगितलं.

रविवारी पाहुणे वेळेवर आले, घरून जेवून आले. (आमच्या गावात कुणाच्या घरी उपाशी जाणं शोभत नाही.) गच्चीवर मांडव घातला होता. बूच उडाल्याचा आवाज झाला तेव्हा शेजारच्यांनी कुणाकडे वरात आली म्हणून खिडक्या उघडल्या. वारा मिरची वाळत घालायच्या पथारीकडून येत असल्यामुळे सगळे खोकत होते, आणि उंची वाइन अशीच घशाला लागते असं एकमेकांना सांगत होते. ग्लासात पपईचा रस तळाशी बसला आणि फेस वर राहिला. साहेबांनी ग्लास उन्हात धरून पाहिला आणि जिल्ह्याचा विकास होतोय, असं मत व्यक्त केलं.

साहेबांचा ग्लास पुन्हा भरल्यावर शेठनी जामसिंगचा विषय काढला. साहेबांना मनापासून दुःख झालं. आपण कुणाच्या लग्नाच्या विरोधात नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. पण त्या कॅनवर लेबल नव्हतं, त्यात काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि अशा पिण्याने डोंगरातली कुटुंबं उद्ध्वस्त होतात. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. शेठनी त्यांना आणखी थोडी दिली.

मग वाइन संपली. रस भरपूर उरला होता. पाहुणे नुसता रस प्यायला तयार नव्हते, कारण तो तर त्यांना आजारपणातही मिळत होता. तेव्हा सोनमला आठवलं की पुण्यात हल्ली मोठ्या हॉटेलात मोहाची देतात, फळांच्या रसातून, आपला वारसा म्हणून. इथे कुठे मिळत असेल का, असं तिने साहेबांनाच विचारलं. साहेब विचारात पडले. शनिवार-रविवार कार्यालय बंद असल्याने जप्तीचा एक कॅन खाली जीपमध्येच होता, आणि नमुना तपासणं तर कर्तव्यच होतं. ड्रायव्हर कॅन वर घेऊन आला.

ट्रे रेवाबाईच्या हातात होता. कॅनचं झाकण उघडलं तसा तिला वास आला. आपल्या घरच्या चुलीचा वास माणूस कुठेही ओळखतो. ग्लास भरले तसा तिने एक उचलला, वाकली आणि चार थेंब फरशीवर सोडले. दुसरं कुणी सोडणार नव्हतं.

"अय्या, किती छान!" सोनम म्हणाली. "परत करा ना, व्हिडिओ घेते." मग सगळ्या पाहुण्यांनी हसत हसत आपापल्या ग्लासातले थेंब सांडले. साहेबांनीही सांडले. पुढच्या घोटाला, वाइनपेक्षा हे फार मुलायम आहे, असा अभिप्राय त्यांनी दिला.

रेवाबाई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"सायेब, हाई दारू शे का?"

"नाही बाई," साहेब प्रेमाने म्हणाले. "हे कॉकटेल आहे."

"मंग मन्हा भाऊले काबर धरेल शे?"

कुणीतरी खोकलं, या वेळी मिरचीमुळे नव्हे. साहेबांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या हातांतल्या ग्लासांकडे पाहिलं. जामसिंग गुन्हेगार ठरला तर गावातले एवढे प्रतिष्ठित लोक काय ठरतात, हा प्रश्न कायद्याचा नव्हता, शिष्टाचाराचा होता. शेठनी आपला ग्लास हळूच खाली ठेवला. मग साहेब म्हणाले, "उद्या सकाळी बघतो."

त्यांनी शब्द पाळला. जप्त केलेला पदार्थ फळांचं पेय असल्याचं तपासात दिसून आलं (ते सगळ्यांनी प्रत्यक्ष तपासलं होतं) आणि जामसिंगला सोमवारी दुपारी सोडण्यात आलं. रेवाबाई त्याला घेऊन मोलगीच्या जीपच्या टपावर बसून गेली. वऱ्हाड सकाळपासून थांबलं होतं. शेजाऱ्याने आपल्या घरची मोहाची काढून दिली, जामसिंगने धार सोडली आणि दिवस मावळता मावळता लग्न लागलं. रेवाबाई तेव्हा रडली.

सोनमच्या व्हिडिओचं खूप कौतुक झालं आणि पुढच्या ब्रंचचं ठरलं. साहेबांचा ड्रायव्हर एक कॅन मागायला जामसिंगकडे गेला. जामसिंगने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, साहेबांच्या घरी लग्न आहे का? नाही म्हटल्यावर त्याने कॅन दिला नाही. त्याच संध्याकाळी जीप पुन्हा डोंगर चढली. जामसिंगला पुन्हा नेलं, आणि या वेळी कॅनवर लेबल नसल्याची गंभीर दखल घेण्यात आली.

ही हकिकत मी आजवर पुष्कळ सुशिक्षित मंडळींना सांगितली आहे. जामसिंग पुढे सुटला का, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. मोहाच्या कॉकटेलमध्ये पपईचा रस किती घालायचा, हे मात्र प्रत्येकाने विचारलं. तुम्हीही तेच विचारणार, म्हणून सांगून ठेवतो. निम्मा घालावा. ढवळू नये.