मेहुण्याचा रुमाल

एका जंगलात रस्ता संपला की समुद्र लागायचा. समुद्रापलीकडे बेट होतं आणि बेटावर जायला एक आगबोट होती. तुम्ही म्हणाल, जंगलात आगबोट कशी? मुलांनो, गोष्ट ऐकताना मध्ये बोलू नये.

एकदा सोनकाकू हत्तीण त्या आगबोटीत चढली. तिची मुलगी चंपी बेटावर दिली होती आणि तिचे दिवस भरले होते. "आई, त्या वेळी तू उशाशी हवीस," असा निरोप आला होता. म्हणून सोनकाकू डिंकाच्या लाडवांचा डबा सोंडेत धरून निघाली.

आगबोटीत दोन लांब बाक होते. उजवा बाक भरला होता. डावा अख्खा रिकामा होता, पण त्यावर एक रुमाल पसरलेला होता.

"हा कुणाचा?" सोनकाकूने विचारलं.

"मी टाकलाय," नामदेवराव ससे म्हणाले. "माझा मेहुणा पुढच्या बंदरावर चढणार आहे. सहकुटुंब."

"किती जण आहेत?"

"ससे आहोत आम्ही, काकू. चढेपर्यंत आकडा सांगता येत नाही."

सोनकाकू "बरं बरं" म्हणाली आणि उजव्या बाकावर अंग चोरून बसली. शेळीताई आणि कोल्हेवकील तिच्या बाजूला चेपले गेले.

थोड्या वेळाने वारा सुटला. डावीकडून असा आला की आगबोट उजवीकडे कलली. लाटा पायांशी येऊ लागल्या. शेळीताईने खाल्लेला सगळा पाला समुद्राला परत केला.

आगबोटीचं सुकाणू कासव तांडेलाकडे होतं. तो ओरडला, "सगळे डाव्या बाकावर चला! नाहीतर बुडतोय आपण!"

सगळ्यांनी डाव्या बाकाकडे पाहिलं. मग रुमालाकडे पाहिलं. कुणी उठलं नाही.

"अहो ससे, उचला की तो रुमाल!" तांडेल म्हणाला.

"माझा असता तर लगेच उचलला असता," नामदेवराव म्हणाले. "पण तो मेहुण्याचा. बायकोला काय तोंड दाखवू?"

"बुडालो तर मेहुणा चढणार कशात?"

"ते त्याचं तो बघेल. मी जागा धरली, माझं काम झालं."

"धरलेली जागा म्हणजे धरलेली जागा," कोल्हेवकील म्हणाले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं, तरी आवाज कोर्टातलाच होता.

"सोनकाकू, तुम्ही तरी उठा!" तांडेल काकुळतीला आला. "तुम्ही एकट्या तिकडे गेलात तरी निभावेल."

सोनकाकूच्या डोळ्यांपुढे चंपी आली. ती अर्धी उठली. पण सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि ती लाजून पुन्हा बसली. "दुसऱ्याच्या रुमालावर मी कधी बसले नाही हो," ती पुटपुटली. "लोक काय म्हणतील?"

ती बसल्यावर आगबोट आणखी कलली.

तेवढ्यात डावीकडून एक मोठी लाट आत आली. तिने रुमाल उचलला आणि उजव्या बाकावर, शेळीताईच्या मांडीवर आणून टाकला.

"अगं बाई, रुमाल!" शेळीताई ओरडली. "उठा, उठा! ही जागा कुणीतरी धरलीय!"

"माफ करा हं, लक्षात नाही आलं," असं म्हणत सगळे धडाधड उठले आणि डाव्या बाकावर जाऊन बसले. सोनकाकूही गेली. आगबोट सरळ झाली.

पुढचं बंदर आलं. मेहुणा चढलाच नाही. वादळात कोण प्रवास करतं, म्हणून तो घरीच झोपला होता.

बेट आलं तशी सोनकाकू पळतच सुटली. हत्तीण पळाली की वाटेत कुणी थांबत नाही, त्यामुळे ती लवकर पोचली. चंपी कण्हत होती. तिच्या उशाशी एकच पाट होता. त्या पाटावर एक रुमाल होता.

"ती जागा माझी आहे हं," दारातून विहीणबाई म्हणाल्या. "सकाळीच धरून ठेवलीय. तुम्ही ओसरीवर बसा."

"आई गं!" चंपी ओरडली.

सोनकाकूने रुमालाकडे पाहिलं. तिला आगबोट आठवली, पायाला लागलेलं पाणी आठवलं. तिने डबा खाली ठेवला. रुमाल उचलला. सोंडेला लावला आणि भिंती हादरतील असं नाक शिंकरलं. मग तो घडी करून नम्रपणे विहीणबाईंपुढे धरला.

"हा तुमचा ना?"

"असू दे, असू दे," विहीणबाई मागे सरकल्या. "ठेवा तुम्हालाच."

सोनकाकू पाटावर बसली. पाट मोडला, पण चंपीचा हात तिच्या सोंडेत होता. थोड्याच वेळात नात झाली. तिने आल्या आल्या तोच रुमाल घट्ट धरला आणि कुणाला देईना.

तात्पर्य : मुलांनो, दुसऱ्याच्या रुमालावर कधीही बसू नये. आधी त्यात नाक शिंकरावं.