डोंगरपल्याडच्या पोरांवरील फत्तेची हकीकत

श्री. ज्यानें चेंडूस गोल केलें आणि मनुष्याच्या मनास कोपरे ठेविले, त्या जगन्नियंत्यास नमन असो. शारदेनें लेखणी सरळ चालवावी, खुशामतीकडे वळूं देऊं नये आणि निंदेकडेही वळूं देऊं नये. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास कार्तिक, ते समयीं घाटावरील एका राज्यांत वर्तमान जाहलें तें यथामति लिहिलें आहे. राज्याचें नांव लिहावयाचें प्रयोजन नाहीं. राज्य म्हणजे शहरांतील एक विद्यालय, पांचवीपासून आठवीपर्यंतचीं पोरें ही प्रजा, तीन मजल्यांची इमारत आणि तिचे पिछाडीस सिमेंटचें बास्केटबॉलचें मैदान. त्या मैदानाचे मुखत्यार श्रीपतराव बेलसरे, खेळाचे शिक्षक, पन्नाशीस आलेले, अंगानें सडसडीत, बोलणें थोडें, शिस्त कडक. परंतु पोरांवर माया बहुत. कोणता पोरगा उपाशी आला हें त्याचे धांवण्यावरून ओळखीत, आणि मग काहीं न बोलतां आपल्या डब्यांतील पोळी त्याचे हातीं देत. ऐसे ते भले गृहस्थ. त्यांचे हातून जें घडलें तें दुष्टाव्यानें घडलें नाहीं, हें वाचणारांनीं आधीं ध्यानीं घ्यावें.

आदले सालीं ऐसें जाहलें होतें कीं, जिल्ह्याचे स्पर्धेंत गटांतील चार शाळा परस्परांशीं लढल्या, एकदां आपले मैदानीं आणि एकदां दुसऱ्याचे मैदानीं, आणि अखेरीस श्रीपतरावांची फौज व दुसरी एक शाळा यांचे विजय सारखे भरले. तेव्हां पंचांनीं केलेले गुण आणि खाल्लेले गुण यांची वजाबाकी मांडिली, त्यांत श्रीपतरावांकडे दोन गुण कमी पडले, आणि पोरें घरीं परतलीं. परततांना बसमध्यें पोरें रडलीं. तें रडणें श्रीपतरावांनीं पुढल्या आसनावर बसून, मान न वळवितां ऐकिलें, आणि मनाशीं निश्चय केला कीं, पुढील सालीं कोणावरही दया करणें नाहीं, एकेक गुण वसूल करणें. मग उन्हाळाभर कवायत चालविली. आठवीचा नचिकेत लोणकर म्हणून पोरगा, शांत, नजर लांबवर पोंचणारी, त्यास कप्तान केलें. चेंडू शत्रूच्या हातीं गेला कीं त्यास त्याचेच रिंगणाखालीं, म्हणजे जाळीच्या कड्याखालीं, कोंडावयाचें, मध्यरेषा ओलांडूं द्यावयाची नाहीं, ही विद्या पोरांस शिकविली, आणि पोरें त्या विद्येंत तरबेज जाहलीं.

पहिला सामना घरचे मैदानीं ठरला. समोर आले ते डोंगरपल्याडचे. त्या गांवची शाळा लहान, आणि स्पर्धेंत उतरण्याचें हें तिचें पहिलेंच साल. गवारी म्हणून गुरुजी, ते गणितही शिकवीत, इतिहासही शिकवीत आणि आतां खेळही शिकवूं लागले होते. त्यांचा कप्तान सोमनाथ लांघी, सर्व त्यास सोमा म्हणत, उंचीनें नचिकेताच्या खांद्याला लागेल इतका, पण पाय चपळ. पोरांनीं मैदानांत पाऊल टाकण्याआधीं वांकून सिमेंटला हात लावून कपाळीं लाविला. त्यांचेकडे मातीचें मैदान, सिमेंटवर चेंडू इतका उसळतो हें त्यांस ठाऊक नव्हतें. नवे बूट पायांत रुळले नव्हते, म्हणून दोघां-तिघांनीं ते काढून कडेला जोडीनें मांडून ठेविले आणि अनवाणी उतरले.

मग पंचांनीं शिटी दिली आणि झुंज सुरू जाहली. झुंज म्हणावी ऐसें त्यांत काहीं नव्हतें. सोमानें चेंडू घेतला कीं दोघे त्यावर तुटून पडत, तो दुसऱ्याकडे फेकी, तेथेंही दोघे उभे. चेंडू सुटे, नचिकेताचे हातीं येई आणि रिंगणांत पडे. पुन्हां चेंडू त्यांचेकडे, पुन्हां तेंच. पहिल्या डावांत डोंगरपल्याडच्यांस मध्यरेषा म्हणून दिसली नाहीं. प्रेक्षकांत प्रथम टाळ्या फार जाहल्या. मग कोणी हंसूं लागले. मग हंसणेंही राहिलें आणि लोक आपसांत दुसरेंच बोलूं लागले. मध्यंतर जाहलें तेव्हां नचिकेत पाणी न पितां श्रीपतरावांपाशीं आला आणि हळू बोलिला, "सर, आता ओजसला आणि बाकीच्या राखीव मुलांना उतरवूया का? आणि त्यांना मध्यरेषेपर्यंत येऊ देऊ. त्यांना चेंडू पलीकडेसुद्धा आणता येत नाहीये."

ओजस म्हणून एक चष्मेवाला पोरगा, राखीव गडी, तो हें ऐकून बाकावरून अर्धा उठला होता.

श्रीपतराव बोलिले, "मागच्या वर्षी बसमध्ये कोण रडत होतं?"

"मी पण होतो, सर."

"मग? दोन गुण कमी पडले आपल्याला. दोन. आज जेवढे मिळतील तेवढे घ्यायचे. दाब सोडायचा नाही."

नचिकेत म्हणाला, "पण सर, ते—" आणि थांबला. श्रीपतरावांनीं त्याचे खांद्यावर हात ठेविला. तो हात मायेचाच होता. "नियमाच्या बाहेर आपण काहीच करत नाही आहोत," ऐसें ते बोलिले, आणि तें खरें होतें. नचिकेत मैदानांत गेला. ओजस पुन्हां बसला.

मग उत्तरार्धही बहुतेक तसाच जाहला, दोन-तीन वेळां चेंडू कसाबसा पलीकडे गेला तेवढाच. एकदां सोमा मैदानाच्या मधोमध बसून बुटाची नाडी बांधूं लागला, आणि तें बांधणें बराच वेळ चाललें, मान वर होईना. पंच जवळ जाऊन उभे राहिले, त्यांनीं काहीं विचारिलें, त्यानें मान हालविली आणि उठला. श्रीपतरावांनीं तें पाहिलें. त्यांचे मनांत काहीं हालल्यासारखें जाहलें खरें, परंतु त्याच समयीं गुणफलक बदलला आणि त्यांची नजर तिकडे गेली. अखेरीस शहरचे चौऱ्याहत्तर आणि डोंगरपल्याडचे सहा, ऐसी फत्ते जाहली. सोमानें रांगेनें सर्वांशीं हात मिळविले, श्रीपतरावांशींही मिळविला आणि "थँक्यू सर" म्हणाला. गवारी गुरुजी पुढें आले आणि बोलिले, "पोरांना फार शिकायला मिळालं, सर. आता तुम्ही आमच्याकडं या. गाव वाट बघतंय." श्रीपतराव संतोष पावले. गुरुजींचें बोलणें त्यांस शब्दशः खरें वाटलें. आपण त्या पोरांस चांगली शिकवण दिली ऐसेंच त्या दिवशीं ते मानीत होते.

दुसरा सामना नदीकाठच्या शाळेशीं जाहला. ती शाळा मातबर, तेथें घाम निघाला, आणि अगदीं शेवटीं नचिकेतानें लांबून चेंडू टाकिला म्हणून जय मिळाला. पोरांनीं कप्तानास उचलिलें. परंतु श्रीपतरावांनीं पाहिलें कीं तो हंसत असतां हंसत नव्हता. परततांना त्यांनीं पुसिलें, "काय झालं रे? पाय दुखतोय?" तो बोलिला, "नाही सर. आजचा सामना मस्त झाला." आणि जराशानें, खिडकीकडे पाहत, "आज जिंकलो असं वाटलं." श्रीपतरावांस त्याचा अर्थ लागला नाहीं, किंवा लागला आणि त्यांनीं तो लावून घेतला नाहीं.

मग डोंगरपल्याड जाण्याची पाळी आली. शाळेची गाडी घेऊन निघाले, घाट चढले, उतरले, आणि गांवांत पोंचले तों सकाळचें ऊन मैदानावर पडलेलें. मैदान मातीचें, परंतु सारवून हातानें पुसल्यासारखें केलेलें. चुन्याच्या रेघा सरळ ओढलेल्या. लोखंडी खांबांवर रिंगणें, त्यांस नवीं जाळीं. कडेला सतरंज्या अंथरलेल्या, त्यांवर कोणी बसलें नव्हतें. पोरें शाळेच्या गणवेशांत ओट्यावर उभीं, खेळाच्या वेषांत एकही नाहीं. गवारी गुरुजी हात जोडून सामोरे आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सर, माफ करा. फोन लावत होतो, पण घाटात रेंज नाही. काल संध्याकाळपर्यंत पोरं तयार होती. सकाळी म्हणाली, आम्ही उतरत नाही. मी लई समजावलं. आता जबरदस्ती कशी करू? सामना तुमचा."

स्पर्धेचे पंच तेथें हजर होते. ते श्रीपतरावांस बाजूस घेऊन बोलिले, "पुढचेही सामने खेळणार नाही म्हणतायत. संघ माघारी गेला की नियमाप्रमाणे त्यांचे झालेले सगळे सामने रद्द होतात, सर. तुमचा तो पहिला सामनाही धरला जाणार नाही."

"म्हणजे ते गुण?"

"गेले. त्यांच्याविरुद्ध कुणाचेच धरत नाहीत."

हें ऐकून श्रीपतरावांस प्रथम राग आला, हें लपवून उपयोग नाहीं. चौऱ्याहत्तर गुण वाऱ्यावर गेले, हाच विचार प्रथम मनांत आला, आणि त्या विचाराची लाज पुढें बहुत दिवस पुरली. ते तोंड फिरवून उभे राहिले आणि मग त्यांची दृष्टि त्या चुन्याच्या रेघांवर गेली. कोणीतरी दोरी धरून त्या ओढिल्या होत्या.

गुरुजी बोलिले, "जेवण केलेलं आहे सर. पोरांच्या आयांनी पहाटेपासून केलंय. तेवढं नाही म्हणू नका."

मग व्हरांड्यांत पंगत बसली. नाचणीची भाकरी, वालाची उसळ, भात, आणि वर गोड म्हणून खीर. शहरचीं पोरें रांगेनें बसलीं आणि डोंगरपल्याडचीं पोरें वाढावयास लागलीं. ज्यांस या पोरांनीं मध्यरेषा धड ओलांडूं दिली नव्हती, तींच वांकून वांकून, "भाकर घे, उसळ घे" म्हणत त्यांचे पानांत घालीत होतीं. कोणाच्या मनांत किल्मिष दिसेना. सोमा खिरीचें पातेलें घेऊन श्रीपतरावांपाशीं आला.

"घ्या की सर. हाय अजून."

श्रीपतरावांनीं हातांतील घांस पानांत परत ठेविला. मग खालच्या आवाजांत पुसते जाहले, "सोमनाथ, का नाही खेळत रे? त्या दिवशी तू चांगला खेळलास."

सोमानें पळी पातेल्यांत ठेविली आणि थोडा विचार करून बोलिला, "खेळतो की सर. आम्ही रोज खेळतो सांजच्याला. पन आज समदं गाव बघाया येणार व्हतं. माझा आजा बी येणार व्हता. पोरं म्हनली, त्यांच्या म्होरं तसं नको व्हायला."

"तसं" म्हणजे कसें, हें त्यानें सांगितलें नाहीं आणि श्रीपतरावांनीं पुसिलें नाहीं. नाडी बांधणारा तो पोरगा त्यांस आठवला, आणि आतां कळलें कीं तेव्हां त्याची नाडी सुटलेली नव्हती. सोमानें खीर वाढली आणि पुढील पानाकडे गेला. श्रीपतरावांनीं ती सर्व खाल्ली, चव कळली नाहीं, पण पानांत टाकली नाहीं.

जेवणें आटोपलीं. श्रीपतराव गुरुजींकडे गेले आणि बोलिले, "गुरुजी, त्या दिवशी मला थांबवता आलं असतं. माझ्या कप्तानानं सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही."

गुरुजी मग म्हणाले, "सर, तुम्ही नियमानंच खेळलात. मला बोलायला जागा नाही. पण एक सांगू? गाडीत परत येताना एकही पोरगं रडलं नाही. पोरं रडली असती तर मला बरं वाटलं असतं." इतकें बोलून त्यांनीं पानविड्याचें ताट पुढें केलें. माफ केलें ऐसें म्हणाले नाहींत, आणि नाहीं ऐसेंही म्हणाले नाहींत.

तितक्यांत मैदानाकडून चेंडूचा आवाज येऊं लागला. श्रीपतराव पाहतात तों नचिकेत, ओजस आणि आणखी दोघे मातीवर अनवाणी उतरले होते, आणि सोमा व त्याचे गडी त्यांत मिसळले होते. पंच नाहीं, शिटी नाहीं, कोण कोणाकडून तें कळेना. सोमानें नचिकेतास हुलकावणी दिली, चेंडू ओजसाकडे टाकिला, ओजसानें रिंगणाकडे फेकिला तो खांबावर आदळून भलतीकडे गेला, आणि सर्व पोरें मोठ्यानें हंसलीं. श्रीपतरावांचें अंतःकरण भरून आलें. आपणही दोन शब्द बोलावे, सोमाची पाठ थोपटावी, ऐसें मनांत येऊन ते ओटा उतरून मैदानाकडे चालूं लागले. चुन्याच्या रेघेपाशीं पोंचले मात्र, सोमानें त्यांस पाहिलें. त्यानें चेंडू हळूच खालीं ठेविला आणि हात अंगाशीं धरून सरळ उभा राहिला. त्याचे गडीही तसेच उभे राहिले. हंसणें थांबलें.

"खेळा रे. चालू द्या," श्रीपतराव बोलिले.

"झालं सर," सोमा अदबीनें बोलिला. "बास झालं."

श्रीपतराव मग "बरं" इतकें म्हणून वळले, मैदान सोडून थेट गाडींत जाऊन बसले आणि दार लावून घेतलें. बराच वेळ कोठें काहीं हालचाल नाहीं. मग मातीवर चेंडू एकदां आपटल्याचा आवाज जाहला. मग पुन्हां जाहला. मग पोरांचा गलका उठला. श्रीपतराव मान न वळवितां तो ऐकत राहिले, आणि निघावयाची वेळ टळून गेली तरी त्यांनीं कोणास हांक मारिली नाहीं.

सारांश, त्या सालीं फौज गटांतून पुढें गेली. गुणांच्या वजाबाकीचा प्रसंगच आला नाहीं. पुढील फेरींत शिकस्त खाऊन परतली. डोंगरपल्याडच्या शाळेनें फिरून संघ पाठविला नाहीं. श्रीपतराव दोन वेळां स्वतः बोलावूं गेले, दोन्ही वेळां आदरसत्कार उत्तम जाहला. मोहीम फत्ते जाहली ऐसें दप्तरीं नाहीं, कारण तो सामना रद्द आहे. परंतु जाहला होता, हें येथें लिहून ठेविलें. इति.